रहाटाचा हार

नवरात्र बसलं की सातिवलीच्या रस्त्याला ताज्या रंगाचा वास सुटतो. एरवी वर्षभर इथं वितळलेल्या प्लॅस्टिकचा, मशीनच्या तेलाचा आणि नाक्यावरच्या वड्यांचा वास असतो. या दिवसांत मात्र गाळ्यागाळ्यांतून धुण्यापुसण्याची घाई चालते. रॉकेलच्या चिंध्यांनी मशीनवरची वर्षभराची काजळी निघते, वरून हिरव्या नाहीतर राखाडी रंगाचा हात फिरतो. पावसानं उखडून ठेवलेल्या रस्त्यावरून झेंडूचे टेम्पो हेलकावे खात येतात आणि पत्र्याच्या छपरांवर ऑक्टोबरचं ऊन असं तापतं की आत उभं राहिलं तरी डोकं भणभणतं. लोक म्हणतात, दसरा जवळ आला. मी म्हणते, जाळ्या निघाल्या.

या दिवसांत माझं तोंड बघू नये, असं इथले बरेच मालक म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. लोक पेढ्यांचे बॉक्स घेऊन दारोदार फिरतात, मी पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरते. कारखान्यांना सुरक्षेचे नियम समजावून सांगणं आणि ते पाळले जातात की नाही ते बघणं, हा आता माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात गोड बोलून काही होतं, असं मला अजून दिसलेलं नाही.

जाळी म्हणजे काय, ते आधी सांगते. पॉवर प्रेस हे आमच्या भागातलं घरोघरचं मशीन. खाली साचा, वर अवजड लोखंडी ठोकळा. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, पायानं पॅडल दाबायचं, ठोकळा धप्पकन खाली येतो, बिजागरीचं एक पान तयार होतं. ते काढायचं, नवा तुकडा ठेवायचा. दिवसभर हेच. ठोकळा येताना हात मध्ये असू नये म्हणून तोंडावर एक लोखंडी जाळी असते आणि तुकडा तिच्या फटीतून चिमट्यानं आत सारायचा असतो. बाजूला एक मोठं चाक गरगर फिरत असतं, त्यात पदर, बाही, बोट अडकू नये म्हणून त्याच्यावर दुसरी जाळी. एवढं साधं शास्त्र आहे. रंग द्यायचा तर जाळ्या काढाव्याच लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या परत लागत नाहीत, तिथं माझं भांडण सुरू होतं.

हे भांडण पहिल्यांदा सुरू झालं तो दसरा अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो. मी तेव्हा विनयशेठच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळत होते. एका मोठ्या गिऱ्हाइकानं माल घेण्याआधी कारखान्याची तपासणी करायची अट घातली, तसं शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, सुजाता, ते सेफ्टीचं जरा तू बघ. ‘जरा’ म्हणजे भिंतीवर पाट्या लावायच्या, आग विझवायचे सिलिंडर पुसून ठेवायचे आणि तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या चढवायच्या. मी प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत शेठच्या पित्ताच्या गोळ्या आणि अगरबत्तीचे दोन पुडे निघाले. मागच्या दारावर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ अशी पाटी होती आणि दारासमोर छतापर्यंत खोकी रचलेली होती. कागदी घोडे नाचवायला मला ठेवलं होतं. मी ते काम मनावर घेईन, असं कुणाला वाटलं नव्हतं.

मनावर घेण्याचं कारण घरात होतं. मनवेलपाड्याच्या आमच्या चाळीत माझे बाबा सदऱ्याची बटणं डाव्या हातानं लावायचे. उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं होतं, बाकीची प्रेसखाली गेली. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण चाळीत तसे हात आणखीही होते. मुकादम नवा माणूस कामावर घेताना त्याचे हात बघायचा आणि एखादं बोट कमी असेल तर समाधानानं मान हलवायचा. बोट गेलेला माणूस म्हणजे मुरलेला कारागीर, असा हिशोब होता. एखाद्यानं शाळा सोडल्याचा दाखला दाखवावा तसे ते हात दाखवले जायचे. मोठी झाल्यावर मला त्या हिशोबाची चीड यायला लागली आणि ती चीड आजही तेवढीच आहे. ती शांत व्हावी अशी माझी इच्छाही नाही.

विनयशेठ वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसांशी भांडणं सोपं असतं. शेठ जुन्या वाडीवाल्या घराण्यातले. वडिलांच्या काळात केळी, पानवेली, सोनचाफा यांच्यावर घर चाललं, मग अर्धी वाडी गेली आणि सातिवलीत गाळा आला. पण दसऱ्याला फुलं बाजारातून आणलेली त्यांना चालत नसत. पहाटे स्वतः उरलेल्या वाडीत जाऊन झेंडू, तगर, चाफा खुडून आणायचे. स्कूटरच्या पुढच्या बाजूला फुलांची टोपली आणि मागे आंब्याच्या डहाळ्या, असे ते फाटकातून आत आले की सगळ्या कारखान्याला सणाची कळा यायची. बायका पत्र्याच्या खोक्यांवर बसून हार ओवायच्या. तेलकट फरशीवर रांगोळी पडायची. मशीनच्या तोंडावर, जिथं एरवी जाळी असते, तिथं कुंकवाचं स्वस्तिक निघायचं आणि बाजूच्या मोठ्या चाकावर, जाळी अडकवायच्या आकड्याला हार चढायचा.

हा हार आपला आपण गळून पडेपर्यंत काढायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत होती. तिची गोष्ट शेठ दर दसऱ्याला सांगायचे. त्यांच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. दसऱ्याला आजोबा रहाटाला हार घालायचे. बैल फिरायचा, रहाट फिरायचा, हारही फिरायचा. सुकत सुकत तो एक दिवस पाण्यात पडला की विहिरीनं प्रसाद घेतला असं मानायचे. ही गोष्ट सांगताना शेठचा आवाज मऊ व्हायचा. आपल्याला पाणी देणारं, अन्न देणारं जे काही फिरतं, त्याला हार, असं ते म्हणायचे. मग रहाट गेला, मशीनं आली आणि हार रहाटावरून मशीनवर आला. ऐकताना माझेही डोळे भरून यायचे. पण त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की रहाटाला बैल होता. बैल दमायचा, थांबायचा, हाक मारली तर मान वळवायचा. या चाकाला मान नाही.

जाळी लावली तर हार चुरगळतो आणि स्वस्तिक झाकलं जातं, म्हणून हार गळेपर्यंत जाळ्या कोपऱ्यात. हार गळेपर्यंत दिवाळी तोंडावर येते, म्हणून दिवाळी होईपर्यंत जाळ्या कोपऱ्यात. दिवाळीनंतर त्यांच्यावर खोकी येऊन पडतात आणि मग त्या भंगारात जातात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठना विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘अगं, मशीन म्हणजे आपली लक्ष्मी. सणासुदीला लक्ष्मीला पिंजऱ्यात कोंडायचं का?’

दसऱ्याची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी मशीनच्या पाया पडून काम सुरू झालं. सहा नंबरच्या मशीनवर रेजिनामावशी होती. पाचूबंदरची, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. सकाळी बस, मग शेअर रिक्षा असं करत ती सगळ्यांच्या आधी कामावर हजर व्हायची. दसऱ्याला तिच्या मशीनचा हार सगळ्यांत जाड असायचा. आधी गळ्यातल्या क्रुसाला ओठ लावायची, मग मशीनला हळदकुंकू वाहायची, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. तिच्या मुलीचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. दिवाळीपर्यंत मोठी ऑर्डर होती, ओव्हरटाइम मिळणार होता आणि त्याच्यावर तिनं लग्नाचा मांडव मनात घालून ठेवला होता.

मी चहाच्या थोडं आधी तिथून चालले होते. चाकावरचा हार वाऱ्यानं तिच्या बाजूला झुलत होता आणि मावशी न बघता डाव्या हातानं तो मागे ढकलत होती. उजवा हात साच्यात, डावा हाराला, पाय पॅडलवर. माशी हाकलावी तसं चाललं होतं. मग हाराचा दोरा चाकात गेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा हार ओढला गेला, पाकळ्यांचा फवारा छताकडे उडाला आणि मावशीच्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या फुटून खाली पडल्या. हात तिनं कसा मागे घेतला, ते तिलाही कळलं नसावं. केसांवर, खांद्यांवर झेंडूच्या पाकळ्या घेऊन ती उभी होती. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मावशीही हसली आणि म्हणाली, देवानं फुलं उधळली. तिनं खाली वाकून बांगडीचे तुकडे पायानं बाजूला केले आणि पुन्हा पॅडलवर पाय ठेवला.

मला हसू आलं नाही. मला माझ्या बाबांचा हात दिसला. मी सरळ भिंतीपाशी गेले, मेन स्विच खाली ओढला आणि ऑफिसच्या कपाटाचं कुलूप आणून त्याला लावलं. सगळा कारखाना एकदम गप्प झाला. एवढी शांतता तिथं मी कधीच ऐकली नव्हती. चाकं मात्र बराच वेळ आपली आपण फिरत राहिली. वीज बंद केली तरी ती लगेच थांबत नाहीत, हेही मी त्या दिवशी नीट पाहिलं.

शेठ येईपर्यंत सगळे माझ्यावर तुटून पडले. तुकड्यावर पैसे मिळणारी माणसं ती, मशीन थांबलं की त्यांची चूल थांबते. जाळी लावली की चिमटा धरावा लागतो आणि काम मंदावतं, म्हणून जाळ्या त्यांनाही नकोच होत्या. ऑफिसात पंख्याखाली बसणाऱ्यांना काय कळतं, असं एकजण बोलला. सगळ्यांत जास्त चिडली ती रेजिनामावशी. ज्या हातासाठी मी कुलूप लावलं होतं, तोच हात तिनं माझ्यासमोर उगारला.

‘बाय, तुज्या कुलपानं माजा हात राहील, पन माजं पोट कोन भरल? माज्या पोरीचं लगीन तू लावनार हाय?’

मी किल्ली मुठीत घट्ट धरून उभी राहिले, एवढंच. मला भीती वाटत होती. नोकरी जाईल याची भीती होती आणि त्याहून जास्त, मी ऐकून कुलूप काढीन याची.

शेठ आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, उलट समजुतीनं घेतलं. म्हणाले, आपल्याकडे इतक्या वर्षांत काही झालेलं नाही. म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. म्हणाले, कामगारांनाच नको आहे तर तू का अडून बसलीस. मग जरा आवाज चढवून म्हणाले की ही ऑर्डर गेली तर सगळ्यांचंच नुकसान आहे, तुझंही. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. बरोबर वाक्यांखालीच बोटं जातात, हे मला माहीत होतं. माझ्या बाबांच्या मालकानंही अशीच बरोबर वाक्यं उच्चारली असणार.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, ‘शेठ, मशीन बंद आहे. किल्ली माझ्या हातात आहे. मावशी जिथं हात घालतात, तिथं तुमचा हात ठेवा. चहा येईपर्यंत ठेवा. मग मी कुलूप काढते.’

ते हसले. सगळ्यांसमोर मागे हटणं बरं दिसलं नसतं. त्यांनी बाही वर केली, साच्यावर हात ठेवला, वरच्या ठोकळ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. पाठ मात्र ताठ होत गेली. कपाळावर घाम आला, तो उन्हाचाही असेल, बाकी कुणाच्या कपाळाकडे मी पाहत नव्हते. बाहेर रस्त्यावर ट्रकचा फाळका धाडकन पडला. शेठचा हात विस्तवावरून उचलावा तसा बाहेर आला आणि त्यांनी तो दुसऱ्या हातात घट्ट धरला.

कुणी हसलं नाही. मीही विजयी वगैरे झाले नाही, मला रडूच येत होतं. मी हळू आवाजात म्हटलं की बंद मशीनमध्ये तुमचा हात चहा येईपर्यंत राहिला नाही, यांचा चालू मशीनमध्ये दिवसभर असतो. शेठनी वर केलेली बाही खाली घेतली. मग म्हणाले, ‘हार काढायचे तर मी काढीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.’

त्यांनी एकेका मशीनपाशी जाऊन हार उतरवले. भरला पेला सांडू नये अशा बेतानं एकेक गाठ सोडवत होते. सगळे हार टोपलीत भरून ते वाडीत घेऊन गेले आणि घरच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या जुन्या तळ्यात त्यांनी ते सोडले, असं मला नंतर कळलं. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी खूप आदर वाटला. पण म्हणून कुलूप काढायची घाई मला झाली नाही. जाळ्या लागल्यावरच किल्ली देईन म्हटलं.

आणि जाळ्या लागेनात. काही आदल्या वर्षी भंगारात गेल्या होत्या, उरलेल्या नव्या साच्यांना बसत नव्हत्या. वेल्डर दिवाळीच्या कामात बुडालेला. तो आला, मापं घेऊन गेला, चुकीच्या करून आणल्या, पुन्हा घेऊन गेला. तोवर मशीनं उभी. कामगार फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून माझ्या नावानं बोटं मोडायचे आणि मी त्यांच्यासमोरून मान वर करून आत जायचे. अर्धी ऑर्डर दुसरीकडे गेली. दिवाळी सगळ्यांचीच कोरडी झाली. हे मी झाकून ठेवत नाही. सुरक्षा फुकट असते असं सांगणारे लोक एकतर भाषण देत असतात नाहीतर हेल्मेट विकत असतात. तिची किंमत असते आणि त्या वर्षी ती मालकापेक्षा कामगारांनी जास्त मोजली. ती मालकानं मोजायला हवी, हे आता मी प्रत्येक कारखान्यात पहिल्या बैठकीत सांगते. जाळी बसवताना मशीन बंद राहिलं तर त्या वेळेचा रोज भरा, चिमट्यानं काम मंदावतं तर तुकड्याचा दर वाढवा. ते जमत नसेल तर भिंतीवरच्या पाट्या काढून टाका, निदान खोटं तरी राहणार नाही. बरेचजण मला पुन्हा बोलवत नाहीत.

त्या दिवसांत एका संध्याकाळी मी घरी बाबांसमोर बसून सगळं सांगितलं. ते डाव्या हातानं बशीतला चहा पीत होते. मला वाटलं, हे तरी शाबासकी देतील. ते म्हणाले, मालकाशी वैर करू नये. मी विचारलं, तुमच्या वेळी कुणी असं कुलूप लावलं असतं तर? त्यांनी बशी खाली ठेवली आणि खरं ते सांगितलं. म्हणाले, ‘शिव्या दिल्या असत्या त्याला. घरी तू होतीस ना.’ मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. त्या रात्रीनंतर मी शाबासकीची वाट बघणं सोडून दिलं, आणि त्यानं माझं काम फार हलकं झालं.

या कामाचं एक विचित्र आहे. गवंड्याला भिंत दाखवता येते, माळ्याला झाड. माझं काम नीट झालं तर दाखवायला काहीच उरत नाही. वर्ष संपतं आणि काही झालेलं नसतं. मग लोक विचारतात, काही झालंच नाही तर एवढा आटापिटा कशाला केला? परवा एका गाळ्यात मालकाच्या मुलानं मला हेच विचारलं. बाहेर शिकून आलेला, बोलायला चांगला. मशीनला हार, चाक उघडं, जाळ्या कोपऱ्यात. म्हणाला, मॅडम, दसऱ्यापुरतं सोडा, श्रद्धेचा प्रश्न आहे. मी म्हटलं, श्रद्धेचा आहे म्हणूनच सोडत नाही. पूजा करायची तर पुरती करा. मशीनला हळदकुंकू वाहता तसं एकदा त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसालाही वाहा. हार दारावर लावा, भिंतीवर लावा, माझ्या गळ्यात घाला हवा तर. फिरत्या चाकाला नाही. त्याला राग आला. मी जाळ्या लागेपर्यंत तिथंच खुर्ची टाकून बसले आणि त्यांचे पेढेही खाल्ले.

तिथून मी पाचूबंदरला गेले. जाळ्या आणि झेंडू दोन्हींचा उबग आला की मला समुद्राकडे जावंसं वाटतं. होड्या लागल्या होत्या, धक्क्यावर लिलाव संपत आला होता, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास हवेत भरून राहिला होता. रेजिनामावशी आता प्रेसवर नाही. गुडघे बोलायला लागले तसं तिनं काम सोडलं आणि ती धक्क्याजवळ मासळी घेऊन बसते. त्या दिवाळीनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, पुढे तेही बंद झालं. मी दिसले तशी तिनं कोयता खाली ठेवला आणि शेजारच्या बायांना हाक मारून माझी ओळख करून दिली.

‘हीच ती. हिच्या पायी माज्या पोरीच्या लग्नाचा मांडव आर्धा झाला. बँड पन नाय आला. अक्ख्या गावात आमची शोभा झाली, आनि ही बया किल्ली घेऊन उबी.’

बाया माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. मी मान खाली घातली नाही, माफीही मागितली नाही. मावशी बोलत होती, जुनं, नवं, सगळं, आणि प्रत्येक वाक्याला उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या नाकासमोर नाचवत होती. बोट ओलं होतं. नखाशी एक खवला चिकटला होता. म्हातारपणानं पेरं जाड झाली होती, पण ते सरळ होतं, पुरं होतं आणि रागानं थरथरत होतं. त्याच्या मागे बाकीची चार बोटंही होती.

‘बोला मावशी,’ मी म्हटलं, ‘अजून बोला.’

आणि तिथल्याच एका उलट्या टोपलीवर मी बसून राहिले.